ट्राक्वेअरचे बंद फाटक

एडिंबरा

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, स्कॉटलंडमध्ये इतके किल्ले असताना मी सुट्टीचा अख्खा दिवस एका घरासाठी का दिला, असे तुम्ही फोनवर विचारलेत. तेव्हा घाईत नीट सांगता आले नाही.

ट्वीड नदीच्या खोऱ्यात, इनरलिथन गावाजवळ ट्राक्वेअर हाउस आहे. 1491 साली ते जेम्स स्टुअर्टकडे आले आणि आजही त्याच्याच वंशातली माणसे तेथे राहतात. देशाने प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला तरी हे घराणे कॅथलिकच राहिले. त्यांच्या प्रार्थनेवर बंदी असल्यामुळे वरच्या मजल्यावरच्या खोलीत पाद्री लपूनछपून राहत असे, आणि झडती आलीच तर कपाटामागच्या चोरजिन्याने निसटत असे. आई, त्याची पूजेची वस्त्रे तू पाहायला हवी होतीस! पांढऱ्यावर पांढरे, इतके बारीक भरतकाम, आणि शिवण अशी की पलंगावर पसरली तर साधी चादरच वाटावी. मी तेथे बराच वेळ उभी होते.

श्रद्धेपायी या कुटुंबाला सरकारी पदे मिळेनात आणि हाती पैसा उरेना. शेजारच्या जमीनदारांनी जुनी घरे पाडून नव्या धाटणीचे महाल उठवले, तेव्हा यांना ते परवडले नाही. जाड भिंतींचे, लहान खिडक्यांचे घर त्यामुळेच जसेच्या तसे राहिले, असे मला तेथे फिरताना पटत गेले.

दगडी अस्वलांचे मोठे फाटक मात्र बंदच असते. 1745 साली, गादी गमावलेल्या स्टुअर्ट राजघराण्याचा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट येथून गेल्यावर, ट्राक्वेअरच्या पाचव्या अर्लने (अर्ल हा सरदारकीचा किताब) ते लावून घेतले आणि स्टुअर्ट राजा पुन्हा गादीवर बसेपर्यंत उघडणार नाही असा शब्द दिला, असे सांगतात. चार्ल्सचा पराभव झाला, अर्लला लंडनच्या टॉवरमध्ये कैद भोगावी लागली, 1861 साली शेवटचा अर्ल निपुत्रिक वारला, त्याच्या अविवाहित बहिणीने, लेडी लुईसाने, जवळजवळ शंभरीपर्यंत घर सांभाळले, पुढे ते नात्यातल्या मॅक्सवेल शाखेकडे गेले. तरी दिलेला शब्द कोणी मोडला नाही. फाटकापर्यंतच्या रस्त्यावर आता गवत आहे. मी त्यावरून चालत गेले आणि गार गजांना हात लावून परत आले.

उन्हाळ्यात तुम्ही दोघे याल तेव्हा तेथे नक्की जाऊ. आई, तुझ्या गुडघ्यांना वरचे जिने झेपणार नाहीत, पण त्या गवतावरून आपण सावकाश चालू.

तुमची लेक