जूनचं पान

ति. आई-बाबांना,
सा. न.

रविवारी नौपाड्याला आले तेव्हा सहज कालनिर्णयचं जूनचं पान उलटून पाहिलं. २४ तारखेला बाबांच्या अक्षरात 'आईचं इंजेक्शन' आणि त्याच्यावरच आईचा दुधाचा हिशेब. महिना उलटून गेला की! विचारलं तर म्हणालीस, "दुखत नाही काही, कशाला टोचून घ्यायचं?"

आई, दुखत नाही म्हणूनच भीती वाटते. हाड बाहेरून जसंच्या तसं दिसतं, पण आत आपल्या गल्लीसारखं पाडकाम-बांधकाम सतत चालू असतं. पाडणाऱ्या पेशी ऑस्टिओक्लास्ट, बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. गंमत म्हणजे पाडणाऱ्यांना बोलावणं जातं ते बांधणाऱ्यांच्याच गोटातून, 'रँक-एल' नावाच्या प्रथिनाच्या निरोपाने. तो निरोप वाटेतच अडवणारं 'ओपीजी' हे प्रथिनही शरीरच बनवतं. पाळी होती तोवर इस्ट्रोजेन हा तोल सांभाळत होतं. ते आटलं, निरोप वाढले आणि तुझा टी-स्कोअर, म्हणजे हाडांची घनता सांगणारा आकडा, उणे २.९ वर आला. उणे २.५ पासूनच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार म्हणतात.

तुझं इंजेक्शन, डेनोसुमॅब, ओपीजीचंच काम करतं, निरोप धरून ठेवतं. पण साधारण सहाच महिने. शेजारच्या काकूंची आठवड्याची गोळी हाडात मुरते, बंद केली तरी काही काळ पुरते. हे मुरत नाही. जोर ओसरला की थोपून राहिलेल्या पाडणाऱ्या पेशी एकदम तुटून पडतात आणि मणके पिचू शकतात, कधी एकाहून जास्त. पहिल्याच दिवशी कोणीतरी हे नीट सांगायला हवं होतं. हातात नुसती फाइल दिली.

बाबा, तुमच्या कचराळी तलावाच्या फेऱ्यांबद्दल. हाडात रुतून बसलेल्या पेशींना पावलाचा भार कळतो. भार पडला की त्या स्क्लेरोस्टिन कमी सोडतात, आणि स्क्लेरोस्टिन म्हणजे बांधकामाच्या 'विंट' मार्गावरचा ब्रेक. बाकावर बसून गप्पा मारल्याने तो सुटत नाही, हे तुमच्या कट्ट्यावरही सांगा. आईलाही सोबत न्या, दोघांच्या हाडांना तेच लागतं.

शनिवारी दहाला येते. आधी रक्तातलं कॅल्शियम तपासायचंय, कमी निघालं तर ते भरून काढल्याशिवाय इंजेक्शन देत नाहीत. परत आल्यावर पोहे करू. डबा वरच्या फळीवरून मी काढते, तू स्टुलावर चढू नकोस.

तुमची,
ताई