जांभळी बॅटरी आणि धुतलेली नोट

महोदय,

गल्ल्यापाशी हल्ली जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी ठेवलेली असते. पाचशेची नोट तिच्याखाली धरायची आणि चमकली की 'खोटी' म्हणून परत करायची. ही परीक्षा जेमतेम निम्मी खरी आहे.

नोटेचा कागद कापसाच्या लगद्याचा. त्यात टिनोपॉलसारखे उजळक, म्हणजे पांढरेपणा वाढवणारे रसायन, नसते, म्हणून या बॅटरीच्या अतिनील प्रकाशात तो मंद, काळपट दिसतो. झेरॉक्सच्या कागदात ते भरपूर असते. न दिसणारे अतिनील किरण शोषून ते निळसर उजेड बाहेर टाकते. पण हेच रसायन कपड्यांच्या पावडरीतही असते. त्यामुळे खिशात राहून धुतली गेलेली अस्सल नोटसुद्धा निळी चमकते. हळदीचा डाग पडला असेल तर तेवढाच भाग पिवळट हिरवा उजळतो, कारण हळदीतले कुरक्युमिन मुळातच चमकणारे.

उलट, उजळक नसलेल्या कागदावरची बनावट नोट काळीच राहते आणि सुखाने गल्ल्यात जाते. म्हणून कागद चमकतो का, एवढ्यावर न थांबता जे चमकायला हवे ते चमकते का हे पाहावे: क्रमांकाची शाई, सुरक्षा धागा आणि कागदातले बारीक रंगीत तंतू. हे तंतू लगद्यात मिसळलेले असतात, त्यामुळे प्रत्येक नोटेवर त्यांची जागा वेगळी. दोन नोटांवर ते अगदी त्याच जागी दिसले, तर छापलेले समजावेत.

बॅटरीचेही बघा. स्वस्तातल्या बऱ्याच बॅटऱ्या ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या असतात. त्यांचा जांभळा उजेडच कागदावरून परततो आणि तीच चमक वाटते. ३६५ नॅनोमीटरची, दिसणारा उजेड अडवणाऱ्या काळ्या काचेची घ्यावी, हाताचा आडोसा करून पाच-सात सेंटिमीटरवरून धरावी आणि शेजारी तुलनेला कोरा झेरॉक्स कागद ठेवावा. डोळ्यांवर मात्र मारू नये.

तरीही शंका राहिली तर नोट तिरपी करावी. पाचशेच्या नोटेवरचा धागा हिरव्याचा निळा होतो. दोन्ही कडांच्या पाच तिरक्या उठावदार रेघा बोटाला लागतात. धुण्याने त्या झिजतात खऱ्या, पण धाग्याचा रंगबदल दिसला तर केवळ चमकते म्हणून गिऱ्हाईक परत पाठवू नये.

विक्रेत्यांनी बॅटरीच्या खोक्यावर तरंगलांबी छापावी आणि बँकांनी शाखेत धुतलेल्या नोटेचा नमुना लावावा, एवढी विनंती.

– रसायनशास्त्राचा एक अध्यापक, नाशिक