रविवारी रात्री फोन का उचलला नाही

ती. आई आणि बाबांस,
सा. न.

फोन असताना पत्र कशाला, म्हणून आधी घाबरू नका. मी बरी आहे, वेळेवर जेवते, स्वेटर घालते. पत्र एवढ्यासाठी की फोनवर मी काही नीट सांगायला लागले की आई मध्येच 'जेवलंस काय गो?' विचारते, आणि उत्तर देईपर्यंत तुमच्याकडची रेंज तरी जाते नाहीतर लाइट. दादा याची प्रिंट काढून देणार आहे. बाबा, तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मधलं गाळू नका.

आई, तुझ्या मालिकेचा शेवटचा महाएपिसोड ऐन रंगात असताना वाडीतली लाइट गेली, उरलेला शेवट तू दादाच्या मोबाईलवर बघितलास आणि रात्री बाराला रडत रडत मला फोन लावलास, हे वहिनीने सांगितलं. तुझे रात्रीचे बारा म्हणजे इथले साडेआठ. आणि रविवारी साडेआठला या जर्मनीत कुणी कुणाचा फोन उचलत नाही. खोटं वाटेल, म्हणून सगळं सांगते.

रविवारी आठला इथे बातम्या लागतात, पंधरा मिनिटांत संपतात आणि लगेच 'टाटओर्ट' सुरू होतं. खुनाची गोष्ट, दीड तासाची. त्याच रात्री खून, त्याच रात्री खुनी. 29 नोव्हेंबर 1970 ला पहिली गोष्ट दाखवली, ती परंपरा अजून चालू आहे. सुरुवातीची चित्रंही जवळजवळ तीच: दोन डोळे, त्यांच्यावर धरलेला नेम, ओल्या रस्त्यावर पळणारे पाय. दर वेळी शहर वेगळं आणि पोलीस वेगळे, आज कोलोन तर पुढच्या खेपेला म्युनिक. म्युन्स्टरची जोडी सगळ्यांची लाडकी. तिथला पोलीस अधिकारी आणि शवविच्छेदन करणारा प्रोफेसर शेजारी शेजारी राहतात, प्रोफेसर घरमालक, आणि दोघांचं एकमेकांना टोचणं अखंड चालू. आपल्या वाडीत असते तर बांधावरून कोर्टात गेले असते. 2017 साली त्यांचा एक भाग जवळजवळ दीड कोटी लोकांनी पाहिला. देशाची वस्ती आठ कोटींच्या थोडी वर, म्हणजे हिशोब करा.

आता खरी गंमत. हे घरात बघायचं सोडून लोक पबमध्ये जाऊन एकत्र बघतात. आई, लगेच कपाळाला हात लावू नकोस. म्हाताऱ्या बायकासुद्धा येतात, सूप पितात आणि घरी जातात. माझ्या वॉर्डातली मोठी नर्स मला आणि केरळच्या मुलीला घेऊन गेली होती. मी सफरचंदाचा रस घेतला, सोडा घातलेला. साडेसातपासून लोक जागा धरून बसतात. काय मागवायचं ते आधीच मागवून ठेवायचं, कारण गोष्ट सुरू झाली की वेटरसुद्धा चवड्यांवर चालतो. मग दीड तास एक माणूस बोलत नाही. भरलेली खोली, हातात ग्लास आणि तोंडातून शब्द नाही! आपल्याकडे जत्रेत दशावतारात संकासुर आला की पोरं किंचाळतात, बायका चहाभजी मागतात, मागचा पुढच्याला 'खाली बस रे' म्हणून ओरडतो, आणि शेवट काय होणार ते सगळ्यांना आजोबांच्या काळापासून ठाऊक असतं. इथे शेवट कुणालाच ठाऊक नसतो, म्हणून सगळे श्वास धरून. मी केरळच्या मुलीला हळूच 'याने मारलं' म्हटलं, तर पुढच्या आजोबांनी वळून असं बघितलं की मी फोन पार बंद करून पिशवीत टाकला. तुझा फोन आला तो त्यानंतर.

त्या पबमध्ये मध्यावर चिठ्ठ्या देतात, खुनी कोण ते लिहायचं. माझं बरोबर आलं. मराठी मालिका बघून वाढलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत जो फार गोड बोलतो त्याचाच संशय येतो. बक्षीस म्हणून बिअरचा ग्लास मिळाला. तो मी मोठ्या नर्सला दिला, हवं तर तिला विचार. मात्र पाटी येऊन सगळं संपलं की जी खुर्च्यांची खरखर आणि भांडणं सुरू होतात! पोलिसाने गाडीची डिकी आधी का उघडली नाही, यावर दोन पुरुष हातघाईवर आले होते. दहाच्या सुमाराला सगळे घरी, कारण सोमवार.

तुझी मालिका मी सोमवारी ड्युटीवरून आल्यावर पाहिली, दोन्ही तास, जाहिराती सोडून. तू रडलीस, मला राग आला. काकीने दोन वर्षं दुधात औषधं घातली, घराचे कागद पळवले, आणि शेवटच्या भागात एकदा हात जोडले की सगळं माफ? वर कुटुंबाच्या फोटोत मधली खुर्ची तिला. लग्न झालं म्हणून तुला बरं वाटलं, ठीक आहे, शालू छान होता. पण त्या मुलीच्या परीक्षेचं काय झालं ग? पहिल्या भागापासून ती अभ्यास करत होती. विहिरीवर अभ्यास, चुलीपुढे अभ्यास, काकीने पुस्तकं जाळली तर कंदिलाखाली अभ्यास. आणि शेवटी परीक्षा दिली की नाही, हे कुणी विचारलंसुद्धा नाही! नवऱ्याने नाही, बापाने नाही, आणि फोनवर तूही नाही. मी मुद्दाम शेवटची वीस मिनिटं पुन्हा बघितली. एक वाक्य नाही.

शेवट माहीत असला तरी बघायला माझी हरकत नसते. 'रात्रीस खेळ चाले' 2016 ला सुरू झाली तेव्हा पहिल्याच भागात त्यातले अण्णा गेले. 2019 ला दुसरं पर्व आलं ते मागची गोष्ट सांगत, म्हणजे अण्णा मरणार हे ठरलेलंच होतं. तरी आपण साडेदहाला दार लावून बसायचो आणि आजी नंतर पडवीत एकटी थांबायची नाही. कोकणाची बदनामी होते म्हणून ओरड करणारेही होते, आणि बाबा, तुम्ही त्यांच्यात मान डोलावून सकाळी पर्यटकांना त्याच मालिकेतला आकेरीचा वाडा दाखवायला रिक्षा काढायचात. ते बरंच झालं म्हणा, माझी फी त्यातूनच गेली.

इथे वॉर्डात एक आजी आहेत. त्या 'लिंडेनश्ट्रासं' बघायच्या, आठवड्याला एक भाग, 1985 पासून 2020 च्या मार्चपर्यंत. 1758 भाग. आपल्याकडच्या आठवड्याला सहाच्या हिशोबाने ते सुमारे साडेपाच वर्षांत संपले असते. त्यात लीप नाही, नट जसे म्हातारे होत गेले तशी पात्रंही झाली. हेल्गा नावाची आई पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच बाईने केली. आजींना शेवट आवडला नाही. म्हणाल्या, आणखी थोडं चालवलं असतं तर माझ्यानंतर संपली असती. मी काय बोलणार, त्यांची उशी सारखी केली.

बाबा, डिशच्या रिचार्जवरून कुरकुर करता ना, इथे टीव्ही असो नसो, दर घरटी महिन्याला 18 युरो 36 सेंट सार्वजनिक वाहिन्यांसाठी भरावे लागतात. आम्ही फ्लॅटमध्ये तिघी आहोत, म्हणून वाटून जातं.

आता ज्यावर तू फोनवर गप्प होतेस ते. चतुर्थीला मला येता येणार नाही. इथली नर्स म्हणून मान्यता मिळायची परीक्षा ऑक्टोबरात आहे. ती होईपर्यंत मदतनीसाचाच पगार. रजा मागितली असती तर कदाचित मिळाली असती. मी मागितली नाही. गणपतीवरच्या माटवीला टांगायची कवंडळाची फळं दरवर्षी मीच आणायचे, या वर्षी वहिनीच्या भावाला पाठवा, ओढ्यापलीकडे मिळतात. आरतीला व्हिडिओ लावा, पण फोन आजीच्या हातात देऊ नका, मला नुसतं छप्पर दिसतं. मी मजेत आहे, खरंच. मोदक आम्ही इथे करणार आहोत, तांदळाचं पीठ तमिळ दुकानात मिळतं.

कणकवलीच्या स्थळाचं. त्यांची आई 'मुलगी कायमची कधी येणार' विचारते म्हणालीस. त्यांना सांग, परीक्षा आधी, मग निदान दोन वर्षं इथे काम. त्यांना थांबायचं नसेल तर त्यांनी खुशाल नाही म्हणावं, तू माझ्या बाजूने गोड गोड सारवासारव करू नकोस. मुलगा बरा वाटतो. त्याला माझा नंबर दे, पण रविवारी रात्री नको म्हणावं. आणि त्याने मला पगाराच्या आधी परीक्षेबद्दल विचारलं, तर मी नीट बोलेन.

पैसे या आठवड्यात जमा होतील, नेहमीपेक्षा थोडे जास्त आहेत. ते दादाच्या गाडीच्या हप्त्यात घालायचे नाहीत. सोसायटीत जाऊन आधी तुझ्या पाटल्या सोडव. मागच्या वेळी 'सोडवल्या' म्हणालीस, पण वहिनीच्या डोहाळजेवणाच्या फोटोत तुझ्या हातात काचेच्याच बांगड्या दिसतात. पावतीचा फोटो दादाकडून पाठव.

आजीला नमस्कार. बाबा, पावसात रिक्षा रात्रीची काढू नका.

तुमची,
बाय