ग्रंथालयाचा संगणक सांभाळणाराही ग्रंथपालच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रंथालयाची संगणकप्रणाली आणि संकेतस्थळ सांभाळायला ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाची गरज नाही, कोणीही संगणक जाणणारा चालेल, असे मत अलीकडे वारंवार ऐकू येते. नोकरीची बहुतेक वर्षे याच कामात घालवलेली ग्रंथपाल म्हणून मला ते अजिबात मान्य नाही.

पुस्तकांच्या नोंदींची कार्डे असलेल्या तालिकेत वाचक अडला, तर तो काउंटरवर येऊन विचारत असे. संकेतस्थळावर अडलेला वाचक मात्र काही न बोलता निघून जातो. म्हणून रोज सकाळी मी आदल्या दिवशीच्या निष्फळ शोधांची यादी उघडत असे. नाटकाचे नाव आणि त्यापुढे 'कुसुमाग्रज' असे टाइप करणाऱ्यांना एकही पुस्तक सापडत नाही, हे त्या यादीतूनच कळले. कविता कुसुमाग्रज या नावाने आणि नाटके वि. वा. शिरवाडकर या नावाने प्रसिद्ध झाली असल्यामुळे आमच्या नोंदीही त्याप्रमाणे वेगळ्या होत्या. त्या चुकीच्या नव्हत्या, पण एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. दोन्ही नावांचा संबंध प्रमाणित नोंदींमध्ये, म्हणजे एकाच लेखकाची वेगवेगळी नावे एकत्र जोडणाऱ्या नोंदींमध्ये, नोंदवून तो शोधयंत्रणेत उतरवायला एक दुपार पुरली. पण नेमके काय बिघडले आहे हे ओळखायला तालिकीकरणच, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी शास्त्रशुद्ध करण्याचे कामच, यावे लागते.

याउलट, एका संस्थेत जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नेण्याचे काम ग्रंथपालांना न विचारता बाहेर दिले गेले, तेव्हा संपादक आणि अनुवादकांची नावे सरसकट लेखकाच्या रकान्यात जाऊन बसली. त्या नोंदी पुस्तके हातात घेऊन एकेक करून दुरुस्त करण्यात आमचे कित्येक महिने गेले.

संगणकतज्ज्ञांचे महत्त्व मी मुळीच नाकारत नाही. नोंदी यंत्राला वाचता याव्यात म्हणून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६०च्या दशकात 'मार्क' हा आराखडा सिद्ध करणाऱ्या हेन्रिएट अ‍ॅव्रम या मूळच्या प्रोग्रॅमरच होत्या. परंतु त्यांनी आधी तालिकीकारांकडून त्यांचे काम बारकाईने समजून घेतले आणि म्हणूनच तो आराखडा आजवर टिकला. २००० साली न्यूझीलंडमध्ये सुरू झालेली 'कोहा' ही मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारी, ग्रंथालय-प्रणालीदेखील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या गरजेतून, तिथल्या ग्रंथपालांच्या सहभागाने घडली.

असे असताना या कामासाठी ग्रंथपालाचे स्वतंत्र, कायम पद क्वचितच निर्माण केले जाते. हौस असलेल्या एखाद्या सहायकावर देवघेव सांभाळून ते काम सोपवले जाते आणि बढतीच्या वेळी त्याची दखलही घेतली जात नाही. कंटाळून तो नोकरी सोडतो, तेव्हा प्रणालीत केलेल्या बदलांची माहितीही त्याच्याबरोबर जाते. संस्थांनी या पदाची जाहिरात ग्रंथपाल संवर्गातच द्यावी, माहितीसाठ्यांची रचना आणि संकेतस्थळाची सुगमता यांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलावा आणि नव्या प्रणालीच्या खरेदीचा निर्णय होताना त्या व्यक्तीला बैठकीत बसवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल