सही घेता, तसे प्रश्नही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाच्या डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. जन्मभर शेतात तंबाखू पिकवली आणि विडीही ओढली. आधी दोन वर्षं चालताना पोटरीत गोळा यायचा, थांबलं की जायचा. आम्ही वात समजून तेल चोळत बसलो. पायाच्या रक्तवाहिन्या चोंदल्यात हे कळलं तेव्हा अंगठा काळा पडला होता.

बेळगावच्या दवाखान्यात एका संशोधनासाठी त्याची सही घेतली. एक कागद इंग्रजी, दुसरा कन्नड. मराठी शाळेत सातवी शिकलेल्या माणसाने त्यात काय वाचायचं? सीमाप्रश्न उकरायला हे लिहीत नाही; शेजारच्या खाटेवरच्या कन्नड आजोबांना त्यांच्या भाषेत कागद मिळाला, याचा आनंदच आहे. पण समजेल अशा भाषेत संमती घ्यावी, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच आहे.

कागदाचं एक वेळ सोडा. संशोधनात मोजायचं काय, हे कुणी ठरवलं? घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहिला; दोन्हींचा भागाकार ०.९ च्या खाली आला की पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात असं धरतात. मोजायलाच हवं ते. भावाचे प्रश्न मात्र वेगळे होते. दुसरा पाय वाचेल का? बाजारापर्यंत न थांबता जाता येईल का? चिखलात बांधावरून कोणती चप्पल घालू? आणि पट्टी बदलायला निपाणीहून पाऊणशे किलोमीटर बेळगावला किती खेपा घालायच्या? शेवटी तो जवळ पडतं म्हणून कोल्हापूरला जाऊ लागला. संशोधकांच्या वहीत ‘पुन्हा आला नाही’ एवढीच त्याची नोंद राहिली असणार. आमच्या भागातला एखादा पेशंट आखणीच्या वेळी सोबत असता, तर ही अडचण त्याने चहा संपायच्या आत सांगितली असती.

ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स ही संस्था हेच करते. रुग्ण, त्यांची सेवा करणारे घरचे लोक आणि डॉक्टर एकत्र बसून संशोधनासाठी पहिले दहा प्रश्न निवडतात. रक्तवाहिन्यांच्या आजारांसाठीही तिथे असे प्रश्न निवडले गेले. आपल्याकडे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीची चाचणी आमच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, नर्सबाईंच्या हातून, १६२० बायकांवर झाली आणि २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. खेड्यातल्या बाया एवढं देऊ शकतात, तर प्रश्न विचारायला कमी का पडतील?

संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत एक सामान्य माणूस लागतोच. ती जागा आमच्यासारख्या पेन्शनरांना देण्याऐवजी निपाणीतल्या विडी वळणाऱ्या बाईला द्या. बसभाडं आणि बुडालेला रोजगारही द्या, नाहीतर ती येणार कशी?

संशोधनाच्या आखणीला भाऊ यायला तयार आहे. फक्त बैठक तळमजल्यावर ठेवा, जिना चढताना त्याची पोटरी अजून धरते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, निपाणी