रात्री दोनचा आकडाही बिलावर छापा

महोदय,

स्मार्ट मीटर जोरात पळतो की नाही, यावर आमच्या नेरूळच्या सोसायट्यांत भांडणे चालू आहेत. त्या वादात मला पडायचे नाही. मीटर दर अर्ध्या तासाला वापर नोंदवतो, म्हणजे तीस दिवसांत 1440 नोंदी. आपल्या हाती बिलावर पडते ती त्यांची नुसती बेरीज. माझे गाऱ्हाणे त्या बेरजेबद्दल आहे.

तुर्भ्याच्या एमआयडीसीत मी युटिलिटी विभागात, म्हणजे कारखान्याला दाबाची हवा आणि गारवा पुरवणाऱ्या विभागात होतो. तिथे कॉम्प्रेसर, चिलरची तासातासाची नोंद लॉगबुकात व्हायची आणि टनामागे किती युनिट लागले ते रोज फळ्यावर लागायचे. आकडा चढला की त्याच पाळीत माणूस व्हॉल्व्ह बघायला धावे. सोसायटीत बिल येते मागच्या महिन्याचे आणि कमिटीत चर्चा रंगते जिन्यातले दिवे कोण चालू ठेवतो यावर! नऊ वॅटचे तीस दिवे बारा तास जळले तर सव्वातीन युनिट होतात. साडेसात एचपीचा पंप जवळपास तेवढे अर्ध्या तासात खातो.

आमच्या सामाईक मीटरच्या अर्ध्या तासाच्या नोंदी खटपट करून मिळवल्या. लिफ्ट निवांत, माणसे झोपलेली, तरी रात्री दोन ते चारच्या दरम्यान अधूनमधून अडीच-तीन युनिटांची उडी दिसे. वॉचमनला विचारले तर म्हणाला, पंप आपोआप सुरू होतो. म्हणजे वरची टाकी रात्रीही रिकामी होत होती. प्लंबरने घरोघरी पाहिले, तेव्हा बऱ्याच फ्लशच्या टाक्या गळताना सापडल्या. विजेच्या नोंदींनी, मोरबे धरणातून आमच्या नळाला येणाऱ्या पाण्याची गळती दाखवली. बिलाच्या बेरजेत हे कधीच दिसले नसते, कारण दिवसाच्या वापरात ते बुडून जाते.

बेरजेत आणखी एक गोम असते. एक बिल 29 दिवसांचे, पुढचे 33 दिवसांचे, आणि आपण म्हणतो वापर वाढला. दिवसाला सरासरी किती, हा भागाकार छापायला कितीशी शाई लागते? टीओडी, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर सवलत आहे. पण सध्या आपली किती वीज त्या वेळेत जाते हेच ठाऊक नसेल, तर वॉशिंग मशीन दुपारी लावून किती वाचेल हे कोण सांगणार?

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 सालचा. त्याखाली मोठ्या कारखान्यांना ऊर्जा लेखापरीक्षण करावे लागते. सोसायट्यांवर ती सक्ती नको, कागदपत्रे आधीच पुष्कळ झाली आहेत. बिलावर तीन आकडे मात्र हवेत: दिवसाची सरासरी, रात्री 2 ते 4 चा वापर, आणि सर्वाधिक भार किती वाजता आला. सविस्तर नोंदी ग्राहकाला एक्सेलमध्ये उतरवून घेता आल्या पाहिजेत. कमिटीला फक्त सामाईक मीटरच्या दाखवाव्यात. घरातल्या नोंदींवरून घर कधी बंद असते तेही कळते, आणि आमच्याकडे चौकशांची हौस दांडगी आहे.

वितरण कंपनीने हे आधी सामाईक मीटरपासून सुरू करावे. महानगरपालिकेनेही त्यात लक्ष घालावे, पाणी तिचेच वाचणार आहे.

– एक निवृत्त युटिलिटी पर्यवेक्षक, नेरूळ, नवी मुंबई