सभेत नुसता ताळेबंद नको, रोजकीर्द दाखवा

संपादक महोदय,

सोसायट्यांच्या वार्षिक सभांचे दिवस आहेत. ३० सप्टेंबरच्या आत सभा उरकायची, सभासदांच्या हाती ताळेबंदाची झेरॉक्स द्यायची आणि ‘दुरुस्ती व देखभाल’समोरच्या भल्या मोठ्या आकड्याबद्दल कुणी विचारलंच, तर ‘व्हाउचर ऑफिसात आहेत, केव्हाही या’ म्हणायचं. ते ऑफिस केव्हा उघडं असतं, हे वॉचमनलाही ठाऊक नसतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर कोथरूडच्या आमच्या सोसायटीचं खजिनदारपद माझ्याकडे आलं. (दुसरं कुणी उभं राहीना.) आधीचे हिशेब एका विकतच्या प्रोग्राममध्ये होते. हिशेबनीस बदलले, परवाना संपला आणि हाती उरल्या पीडीएफ. आकडा दिसतो, पण तो कशाकशाचा मिळून झाला ते कळत नाही. शेवटी भाच्याने एचलेजर (hledger) नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. ते फुकट आहे, त्यामुळे कमिटीत चर्चा लांबली नाही.

यात सगळा हिशेब एका साध्या मजकुराच्या फाइलीत राहतो. वर तारीख आणि ‘टँकर’; खाली दोन ओळी. ‘खर्च:पाणी’समोर १८०० लिहायचे, ‘बँक’समोर काही लिहिलं नाही तरी उणे १८०० प्रोग्राम स्वतः धरतो. खात्याचं नाव आणि रक्कम यांत मात्र किमान दोन स्पेस हव्यात, नाहीतर रक्कम नावातच जाते. आणि ‘खर्च’, ‘उत्पन्न’ ही मराठी नावं कोणत्या प्रकारची खाती आहेत, हे फाइलीत एकदा सांगून ठेवावं लागतं.

मग ‘प्रिंट’ अशी आज्ञा दिली की रोजकीर्द (तारीखवार नोंदी), ‘रजिस्टर’ म्हटलं की चढत्या बेरजेसह खतावणी आणि ‘बॅलन्स’ म्हटलं की तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी). नुसतं ‘पाणी’ मागितलं, तर पाण्याच्याच नोंदी समोर येतात. मला सगळ्यात आवडलं ते निराळंच: बँकेच्या नोंदीपुढे बरोबरचं चिन्ह करून पासबुकातली शिल्लक लिहायची. ती जुळली नाही तर प्रोग्राम ओळीचा क्रमांक सांगून तिथेच थांबतो, पुढचा अहवाल देतच नाही. बँकेत दिवसाचा ताळा लागेपर्यंत आम्हाला असंच बसवून ठेवायचे.

आमच्या एका सभासदांची शंका रास्त होती: साधीच फाइल, मग मागची नोंद कुणीही गुपचूप बदलेल. बदलेल खरी. म्हणून ती फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलीतल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रोग्राममध्ये, ठेवतो. कुठली ओळ कधी बदलली, आधी काय होती, ते तिथे राहतं. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा बदलांचा माग १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे. सहकारी सोसायट्यांना तो नियम लागू नाही, पण तसा माग ठेवायला कुणाची मनाईही नाही.

माझी मागणी एवढीच, की ताळेबंदासोबत वर्षाच्या नोंदींची फाइल प्रत्येक सभासदाला ईमेलने पाठवावी. कुठल्याही मोबाइलवर ती उघडते. ज्यांना कॉम्प्युटरचं वावडं आहे, त्यांच्यासाठी एक छापील प्रत नोटीस बोर्डाशेजारी टांगावी. आमच्याकडे टांगली आहे आणि लिफ्टच्या खर्चावर पेन्सिलीने तीन प्रश्नचिन्हं आलीसुद्धा.

– एक खजिनदार, कोथरूड, पुणे